दुसऱ्या हवालदाराची गोष्ट

१९५२ साली पुण्याच्या भानुविलास चित्रपटगृहात 'लाखाची गोष्ट' लागला, तेव्हा तिकीटखिडकीच्या आत बसून तिकिटं देणारा बुकिंग क्लार्क आणि आत पडद्यावर धमाल उडवून देणारा नायक हा एकच माणूस होता. पुणेकर हा किस्सा आजही रंगवून सांगतात. सत्तर वर्षांत त्याला मीठमसाला लागलाच असेल, पण राजा गोसावी यांची त्याआधीची वाटचाल पाहिली तर त्यात नवल वाटण्यासारखं काही नाही. सातारा जिल्ह्यातल्या सिद्धेश्वर कुरोलीचा हा मुलगा मास्टर विनायकांच्या प्रफुल्ल पिक्चर्समध्ये शिरला तो ऑफिस बॉय म्हणून. मेकअप खात्यात हाताखाली काम करणं, निरोप पोचवणं, माणसं कमी पडली की गर्दीत उभं राहणं, असं सगळं त्याने केलं. मास्टर विनायक १९४७ साली वारले आणि आश्रितांची पांगापांग झाली. मग मिळेल त्या नाटकात मिळेल तो पार्ट. दिग्दर्शक राजा परांजप्यांनी 'लाखाची गोष्ट'साठी त्याला उचललं, तोवर हा गडी चित्रपटसृष्टीचं मागचं दार, माळा आणि स्वयंपाकघर सगळं पाहून आलेला होता.

चित्रपट गाजला. गदिमांची पटकथा, सुधीर फडक्यांचं संगीत, आणि एका महिन्यात एक लाख रुपये उडवून दाखवायचे ही भन्नाट अट. त्याच वर्षी 'पेडगावचे शहाणे' आला आणि राजा गोसावी मराठीचा 'डॅनी के' झाला. रूपाने बेताचा, गाण्यात जेमतेम, तलवार कधी हातात न धरलेला माणूस नायक झाला, हे त्या काळात बरंच मोठं होतं. कारण नायक कोणी व्हायचं आणि बाजूला कोणी उभं राहायचं, याचे मराठी रंगभूमीचे नियम फार जुने आणि फार कडक होते.

नाटक कंपन्यांच्या काळात पहिला मान राजापार्टाचा आणि स्त्रीपार्टाचा. बिदागी त्यांची मोठी, बिऱ्हाडात खोली त्यांना वेगळी, जाहिरातीत नाव त्यांचं ठळक. संगीत नाटकात राजापार्टाला गळा हवाच. ज्याला गळा नाही त्याने वजनदार गद्य भूमिका कराव्यात नाहीतर विनोदी. गणपतराव बोडसांसारखा एखादा गद्य नट 'एकच प्याला'त सुधाकर होऊन बालगंधर्वांच्या सिंधूसमोर उभा राहायचा आणि नाटक आपल्याकडे ओढून घ्यायचा, पण तो बोडस होता म्हणून. बाकीचे जन्मभर दूत, हुजरे, नोकर आणि मित्र.

तमाशात याच्या उलटी गंमत. वगात राजा असतो, प्रधान असतो, गोष्ट त्यांचीच असते. पण बारीवर माणसं येतात ती सोंगाड्याला ऐकायला. राजा तोलामोलाचं बोलणार आणि सोंगाड्या त्याच्याच वाक्याचा पाय ओढून त्याला भुईवर आणणार. संवाद लिहिलेले नसतात. आज गावात काय घडलं, सरपंचाची म्हैस कुणाच्या शेतात शिरली, समोर कोण पुढारी बसलाय, हे हेरून त्याला हजरजबाबी बोलावं लागतं. म्हणजे सगळ्यात अवघड काम त्याचं, सगळ्यात जास्त हशे त्याचे, आणि तरी गोष्टीत त्याची जागा राजाच्या डाव्या हाताला. कोल्हापूरच्या स्टुडिओंत तमाशापट निघू लागले तेव्हा त्यांनी लावणी घेतली, बैठक घेतली, पाटील घेतला. सोंगाड्या मात्र कोपऱ्यातच ठेवला. मधल्या जागेवर चंद्रकांत, सूर्यकांत, अरुण सरनाईक असे देखणे, भरदार गडी होते.

ती जागा पहिल्यांदा हिसकावून घेतली दादा कोंडक्यांनी. मुंबईच्या गिरणगावात वाढलेले, बँडपथक आणि सेवा दलाचं कलापथक करून आलेले दादा वसंत सबनिसांच्या 'विच्छा माझी पुरी करा'त हवालदार होऊन महाराष्ट्रभर फिरत होते. भालजी पेंढारकरांनी १९६९ च्या 'तांबडी माती'त त्यांना घेतलं, तेही बाजूच्या भूमिकेत. दोन वर्षांनी दादांनी पदरचे पैसे घालून स्वतःच चित्रपट काढला आणि नाव ठेवलं 'सोंगाड्या'. दादरच्या 'कोहिनूर'ने तो लावायला खळखळ केली, शिवसेना रस्त्यावर उतरली, मग तो लागला आणि चालतच राहिला. हे सगळं अनेकदा लिहून झालंय. इथे एवढंच महत्त्वाचं की सोंगाड्या नायक होऊ शकतो आणि त्याच्यावर तिकीटबारी चालू शकते, हे दादांनी रोख पैशात सिद्ध केलं. पण त्यासाठी त्यांना निर्माता व्हावं लागलं. दुसऱ्या कोणी ती जागा त्यांना दिली नसती.

नीळू फुल्यांचा रस्ता आणखी वेगळा. पुण्यातल्या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम करणारा आणि राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकात रमलेला हा माणूस. पु. लं.च्या 'पुढारी पाहिजे'त रोंगे करून त्यांनी लोकांचं लक्ष वेधलं, मग शंकर पाटलांच्या 'कथा अकलेच्या कांद्याची'मुळे नाव झालं. १९६८ च्या 'एक गाव बारा भानगडी'तला झेलेअण्णा हा त्यांचा चित्रपटातला पहिला ठसा. ते नायकाच्या साच्यात कधीच बसले नाहीत, मग त्यांच्यासाठी साचाच बदलावा लागला. विजय तेंडुलकरांच्या 'सखाराम बाइंडर'मध्ये (१९७२) शीर्षक भूमिका त्यांची. कमलाकर सारंगांनी बसवलेल्या या नाटकावर तेराव्या प्रयोगानंतर बंदी आली आणि प्रकरण न्यायालयात गेलं. १९७४ च्या 'सामना'त हिंदुराव धोंडे-पाटील म्हणून ते डॉ. लागूंच्या मास्तरांसमोर बरोबरीने उभे होते, आणि तो चित्रपट बर्लिनच्या महोत्सवापर्यंत गेला. 'सिंहासन'मध्ये (१९७९) अरुण सरनाईक, लागू, सतीश दुभाषी अशी रांग असताना कथेचा डोळा म्हणून ठेवला तो नीळूभाऊंचा पत्रकार दिगू टिपणीस. फुल्यांना मध्यवर्ती जागा मिळाली ती लेखक आणि दिग्दर्शकांच्या एका पिढीमुळे. बाजारपेठेने मात्र त्यांना शेवटपर्यंत खलनायक पाटीलच मानलं. गावोगावच्या बायका त्यांना पाहून खरोखर बोटं मोडायच्या म्हणतात.

गोसावींना एका दिग्दर्शकाने उचललं, दादांनी स्वतःचे पैसे लावले, फुल्यांना तेंडुलकर भेटले. यातलं काहीही न घडता, नुसता एकेका पायरीने वर गेलेला नट पाहायचा असेल तर अशोक सराफ यांच्याकडे वळावं लागतं.

सराफांचं घराणं मूळचं बेळगावकडचं, जन्म मुंबईतला, ४ जून १९४७ चा. नाव ठेवलं ते अशोककुमार यांच्यावरून. मामा गोपीनाथ सावकार हे नाटकातलं मोठं प्रस्थ. घरचाच माणूस निर्माता-दिग्दर्शक असला म्हणजे भाच्याला नायकाची भूमिका मिळावी, असं आज कुणालाही वाटेल. सावकारांनी भाच्याला शिरवाडकरांच्या 'ययाती आणि देवयानी'त विदूषक दिला. वय अठराच्या आसपास. नाटक संगीत, अभिषेकीबुवांच्या चालींचं, प्रेक्षक पदांसाठी आलेला. अशा नाटकात विदूषकाचं काम म्हणजे दोन पदांच्या मधली जागा सांभाळणं. गायकाला 'वन्स मोअर' मिळाला की तेवढा वेळ तसंच उभं राहायचं, पद पुन्हा पूर्ण होऊ द्यायचं आणि मग तुटलेला धागा पुन्हा बांधायचा. अभिनयाची याहून कठोर शाळा शोधून सापडायची नाही.

त्यापुढची साधारण दहा वर्षं स्टेट बँकेची नोकरी. हे त्या काळातल्या मुंबई-पुण्याच्या नटांचं सर्रास चित्र आहे. दिवसा बँक, टपाल, एलआयसी किंवा महापालिका, संध्याकाळी तालीम, शनिवार-रविवारी प्रयोग. घरात वडीलधाऱ्यांचं एकच म्हणणं: नाटक कर, पण नोकरी सोडू नको. बाजूच्या भूमिकांना मिळणारी 'नाईट' एवढी तुटपुंजी असे की नोकरी सोडणं परवडणारंच नव्हतं. मराठी रंगभूमीवरचा दुय्यम नट कित्येक वर्षं जगला तो कुठल्या ना कुठल्या कचेरीच्या पगारावर. रंगभूमीच्या इतिहासात या कचेऱ्यांचा उल्लेख क्वचितच होतो, पण त्यांनी दिलेल्या रजा आणि केलेला कानाडोळा नसता तर अर्धी नाटकं उभीच राहिली नसती.

चित्रपटात सराफ आले ते १९६९-७१ च्या सुमारास, 'जानकी' आणि 'दोन्ही घरचा पाहुणा'मधून. कामं एवढी छोटी की चित्रपट पाहून घरी गेलेल्या माणसाला हा नट आठवला नसता. तशी चार-पाच वर्षं गेली आणि १९७५ मध्ये दादा कोंडक्यांनी दिग्दर्शक म्हणून आपला पहिला चित्रपट केला, 'पांडू हवालदार'.

दादांच्या चित्रपटात दुसऱ्या विनोदी नटाने काय करायचं, हा खरा प्रश्न होता. पांडू दादा, त्यांच्यासमोर उषा चव्हाण, आणि थिएटरातला बहुतेक हशा आधीच दादांच्या खात्यावर जमा. सराफांच्या वाट्याला पांडूचा जोडीदार, सखाराम हवालदार. त्यांनी दादांशी स्पर्धा केली नाही हे त्यांचं शहाणपण. दादा ओबडधोबड, पसरट, शब्दाला दुसरा अर्थ लावून तो प्रेक्षकाच्या अंगावर फेकणारे. सखाराम त्याच दृश्यात आटोपशीर. मान किंचित वळवायची, डोळे थोडे बारीक करायचे आणि समोरच्याचं बोलणं संपायच्या आधी त्याचा अर्थ आपल्याला कळल्याचं दाखवायचं. लोक दादांसाठी गेले आणि बाहेर पडताना 'तो दुसरा हवालदार कोण रे?' असं विचारू लागले. दोन वर्षांनी 'राम राम गंगाराम'मध्ये दादांनी त्यांना पुन्हा घेतलं, म्हमद्या खाटिक म्हणून. या वेळी कुणाला नाव विचारावं लागलं नाही.

तरीही नायकाची भूमिका कुणी देऊ केली नाही. उलट १९७५ नंतर सराफांकडे खलनायक आले, नायकाचे मित्र आले, इरसाल गावकरी आले. रंगभूमीवर मात्र एक वेगळंच दालन उघडलं. १९७८ मध्ये विजया मेहतांनी अनिल बर्व्यांचं 'हमीदाबाईची कोठी' बसवलं. स्वतः बाई हमीदाबाईच्या भूमिकेत, सोबत नीना कुळकर्णी, भारती आचरेकर, नाना पाटेकर आणि अशोक सराफ. प्रायोगिक मुशीतून आलेली ही सगळी मंडळी आणि त्यांच्यात संगीत नाटकाच्या आणि कोंडकेपटांच्या वाटेने आलेला हा विनोदी नट. नाटकाचा गाभा दुःखाचा, उतरणीला लागलेल्या कोठीचा. विनोदाने लोकांना हसवणारा नट त्याच आवाजात लोकांना गप्पही बसवू शकतो, हे नाटकवाल्यांना दिसलं. चित्रपटवाल्यांना ते दिसायला आणखी तीनेक वर्षं लागली.

ही तीन वर्षं का लागली आणि मग अचानक दार का उघडलं, याचं उत्तर नटाच्या गुणांत शोधून मिळणार नाही. ते धंद्यात आहे. राज्य सरकारने सत्तरच्या दशकाच्या मध्यावर मराठी चित्रपटांसाठी करमणूक कर परताव्याची योजना आणली. चित्रपटाने भरलेला कर निर्मात्याला पुढच्या चित्रपटासाठी परत मिळू लागला. त्यामुळे चित्रपटांची संख्या वाढली, पण प्रत्येकाचं बजेट लहानच राहिलं. फिल्म महाग, स्टुडिओ शिफ्टवर भाड्याने, रीटेक म्हणजे थेट खिशाला चाट. अशा वेळी निर्मात्याला हवा असतो पहिल्या टेकला दृश्य पदरात टाकणारा, संवाद चोख पाठ असलेला, समोरचा अडखळला तर सावरून घेणारा नट. हे सगळं नाटकातल्या दुय्यम नटाच्या अंगवळणी पडलेलं असतं. देखण्या नायकाकडे ते असतंच असं नाही. त्यातच तमाशापट ओसरत चालला होता. प्रेक्षक गावातून तालुक्याला आणि तालुक्यातून मुंबई-पुण्याच्या चाळीत आला होता आणि त्याला फेट्यापेक्षा भाड्याच्या खोलीची गोष्ट जवळची वाटू लागली होती. भाड्याची खोली शोधणाऱ्या माणसाचा चेहरा मदनासारखा असून चालत नाही.

१९८१ मध्ये 'गोंधळात गोंधळ' आला. नायिका रंजना. 'चानी' करून आलेली, गंभीर आणि विनोदी दोन्हीत पक्की, आणि त्या वेळची पहिल्या फळीतली अभिनेत्री. तिच्यासमोर नायक म्हणून अशोक सराफ. मराठीत नट नायक झाला याचा खरा दाखला नायिकाच देते. ती ज्याच्यावर रुसते तो नायक. पुढे 'एक डाव भुताचा', 'गुपचुप गुपचुप', 'बिनकामाचा नवरा' अशी ही जोडी चालत राहिली. 'एक डाव भुताचा'मध्ये सराफ ऐतिहासिक काळातून भटकत आलेलं भूत, 'गुपचुप गुपचुप'मध्ये प्रोफेसर धोंड. म्हणजे नायकपद मिळालं तरी सोंग सुटलं नाही, आणि सुटू नये हेच बरं झालं. १९८७ मध्ये चित्रीकरणासाठी बंगळुरूला जाताना रंजना यांना अपघात झाला, त्यांना चाकाच्या खुर्चीला खिळावं लागलं आणि मराठी चित्रपटातली एक उत्तम विनोदी जोडी तिथेच संपली. रंजना यांच्यावर मराठीत फार कमी लिहिलं गेलंय, ही खंत नोंदवलीच पाहिजे.

विदूषकापासून 'गोंधळात गोंधळ'पर्यंत पंधराएक वर्षं गेली होती. नायक झाले तेव्हा सराफ चौतिशीत होते.

मग आला १९८५ चा 'धूमधडाका'. महेश कोठारे यांचा दिग्दर्शक म्हणून पहिला चित्रपट. कथा फिरून आलेली, मूळ श्रीधर यांच्या १९६४ च्या तमिळ 'कादलिक्क नेरमिल्लै'ची, मधे हिंदीत 'प्यार किए जा' होऊन गेलेली. सराफ त्यात मित्राच्या मदतीसाठी खोटा श्रीमंत बाप होतात, यदुनाथ जवळकर. सूट, पाईप आणि पाईपचा झुरका घेताना मधेच लागणारा तो ठसका. चाळीस वर्षांनंतरही लग्नाच्या मांडवात कुणीतरी त्या ठसक्याची नक्कल करतं आणि लोक खो-खो हसतात. त्यात विनोदी वाक्य नाही, शब्दसुद्धा धड नाही. तोतया श्रीमंताला श्रीमंतीची सवय नसते, पाईप त्याला झेपत नाही, आणि हे कुणीही बोलून न दाखवता त्या एका ठसक्यात येतं. विदूषकाने मधल्या जागा भरायच्या असतात, हे अठराव्या वर्षी शिकलेला नट अडतिसाव्या वर्षी मोकळी जागा दिसली की ती अशी भरतो.

'अशी ही बनवाबनवी' (१९८८) पाहताना बहुतेकांचं लक्ष असतं ते साडी नेसलेल्या सचिन पिळगावकर आणि लक्ष्मीकांत बेर्डे यांच्याकडे. ते साहजिकच आहे. पण एकदा फक्त सराफांच्या धनंजय मान्यांवर नजर ठेवून चित्रपट पाहावा. हृषीकेश मुखर्जींच्या 'बीवी और मकान'वरून बेतलेल्या या गोष्टीत चार मित्र, राहायला जागा नाही, आणि बायकांचं सोंग दोघे घेतात. सोंगाची परवानगी ज्याला नाही असा माने मात्र सगळ्यांची सोंगं सांभाळतो. घरमालकाला कोण काय सांगायचं, कोणाचं नाव काय, कोण कोणाची कोण लागते, हा सगळा हिशोब त्याच्या डोक्यात. दुसरे धांदल करतात आणि त्याच्या चेहऱ्यावर पुढच्या संकटाचं गणित चाललेलं दिसतं. सुरुवातीचं सरपोतदारांसोबतचं दृश्य घ्या. सुधीर जोशी यांचा चिकट घरमालक औषधासाठी दिलेल्या सत्तर रुपयांची चौकशी करतो. माने अत्यंत शोकाकुल चेहऱ्याने सांगतो की तेही 'वारले'. एकच क्रियापद, आणि तेही मेलेल्या माणसाबद्दल बोलावं तितक्या अदबीने. दृश्यातली तडफड सुधीर जोशींची आहे, सराफ त्यांना ती करू देतात. नायकाने समोरच्याला एवढी जागा देणं हे पूर्वीच्या राजापार्टाला मानवलं नसतं.

आणि माझ्या मते या सगळ्या चढणीचा मराठी चित्रपटाला झालेला फायदा नेमका हा आहे. बाजूला उभा राहून मोठा झालेला नट मधोमध आला की बाजू रिकाम्या पडू देत नाही. ऐंशीच्या दशकातले मराठी विनोदी चित्रपट आज पाहिले तर पटकथा ठिकठिकाणी फाटलेल्या दिसतात, वेशभूषा हास्यास्पद वाटते, पाठलागाची दृश्यं तर पुढे ढकलावीशी वाटतात. टिकून राहिली ती माणसांची टोळी. सुधीर जोशी, नयनतारा, विजू खोटे, जयराम कुलकर्णी. नायकच मुळात त्यांच्यातला असल्यामुळे त्यांना काम उरलं. नव्वदीत या सूत्राची कार्बन कॉपी निघू लागली, एकाच धाटणीचे पडेल विनोदी चित्रपट दरवर्षी येत राहिले आणि प्रेक्षकाने पाठ फिरवली, हेही खरंच. त्यातले बरेच सराफांचेही होते. त्यांचं कौतुक करताना ते झाकायचं कारण नाही.

लक्ष्मीकांत बेर्डे यांची चढण याच काळातली, पण वेगळ्या चालीची. मुंबई मराठी साहित्य संघात नोकरी, नाटकांतून वर्षानुवर्षं लहानसहान कामं, आणि १९८३ मध्ये पुरुषोत्तम बेर्डे यांच्या 'टुरटुर'ने एका झटक्यात नाव. साहित्य संघाच्या विंगेत ज्याने इतरांच्या एन्ट्र्या पाहिल्या, त्याच्या स्वतःच्या एन्ट्रीला दोन वर्षांत थिएटरं डोक्यावर घेऊ लागली. सराफ-बेर्डे जोडीत वयाने आणि अनुभवाने मोठा कोण, हे पडद्यावर लपत नाही. बेर्डे चेंडू उडवतात, सराफ झेलतात.

सराफ यांच्या यादीतली मला सगळ्यात बोलकी वाटणारी गोष्ट मात्र नायकपणाची नाहीच. कारकीर्द ऐन भरात असताना त्यांनी स्मिता तळवलकर यांच्या 'कळत नकळत'मध्ये नायिकेच्या घरातला मामा केला, त्यात एक बालगीतही स्वतःच्या आवाजात गायलं. १९९१ च्या 'चौकट राजा'मध्ये त्यांनी गणा केला, मतिमंद नंदूच्या चाळीतला सोबती. नंदूची भूमिका मुळात परेश रावल करणार होते, ते जमलं नाही आणि ती गेली दिलीप प्रभावळकरांकडे. म्हणजे आणखी एक चरित्र अभिनेता, वयाच्या सेहेचाळिशीच्या आसपास, एका अवघड मध्यवर्ती भूमिकेत. तेव्हाचा मराठीतला सगळ्यात चालणारा नायक त्याच्या शेजारी, किंचित मागे उभा. पोस्टरच्या मध्यभागी पोचलेला माणूस आपण होऊन पुन्हा कडेला गेला आणि गणा आजही लोकांच्या लक्षात आहे.

हिंदीने त्यांना काय दिलं? १९९५ च्या 'करण अर्जुन'मध्ये अमरीश पुरींच्या दुर्जनसिंगाचा मुन्शी. त्याच वर्षी झी टीव्हीवर 'हम पांच'मधला पाच मुलींचा बाप आनंद माथुर, जो घराघरात पोचला. आणि २०११ च्या 'सिंघम'मध्ये पुन्हा हवालदार, हेड कॉन्स्टेबल सावळकर. मराठीत छत्तीस वर्षांपूर्वी जी वर्दी उतरवली ती हिंदीने परत चढवली. मुंबईत राहणाऱ्या, मराठीतल्या पहिल्या क्रमांकाच्या नटाला हिंदी निर्माते मुन्शी, हवालदार आणि नोकर यापलीकडे फारसं काही देत नाहीत, हे नीळू फुले, बेर्डे, सराफ अशा सगळ्यांच्या बाबतीत झालं. त्यात नटांचा कमीपणा काही नाही.

पुढच्या पिढीला वाट थोडी रुळलेली मिळाली. शाहीर साबळ्यांच्या 'महाराष्ट्राची लोकधारा'त नाचणाऱ्या भरत जाधव यांना २००२ मध्ये 'सही रे सही'ने उचलून धरलं. 'वास्तव'मध्ये (१९९९) देढ फुट्या होऊन संजय दत्तच्या मागे धावणारे संजय नार्वेकर पाच वर्षांत केदार शिंदे यांच्या 'अगं बाई अरेच्चा!'चे नायक झाले. मकरंद अनासपुरे मराठवाड्याची बोली घेऊन 'कायद्याचं बोला'मध्ये काळा कोट चढवून उभे राहिले. यातल्या कुणालाच आता 'हा नायक कसा?' असं विचारलं गेलं नाही. २०२३ चा महाराष्ट्र भूषण आणि २०२५ ची पद्मश्री अशोक सराफांना मिळाली तेव्हाही कुणी भुवया उंचावल्या नाहीत. तक्रार झाली ती उशिराची.

या सगळ्या कहाणीत एक गोष्ट मात्र खटकते. आतापर्यंत वर चढलेले सगळे पुरुष आहेत. बायकांसाठी हीच शिडी उलटी लावलेली होती. ललिता पवार नायिका होत्या. १९४२ मध्ये एका चित्रीकरणात बसलेल्या थपडेने चेहऱ्यावर परिणाम झाला आणि त्या खाष्ट सासू झाल्या. 'वहिनींच्या बांगड्या'च्या नायिका सुलोचनादीदी हिंदीत गेल्या आणि आई झाल्या. रोहिणी हट्टंगडी यांनी 'अग्निपथ'मध्ये ज्यांची आई केली ते अमिताभ बच्चन त्यांच्यापेक्षा आठ-नऊ वर्षांनी मोठे आहेत. चाळिशीतला विनोदी नट नायक होऊ शकत होता. चाळिशीतली गुणी अभिनेत्री मात्र वहिनी, मावशी किंवा सासू. रंगभूमीने आणि मालिकांनी निर्मिती सावंत यांच्यासारख्या काहींना मधली जागा दिली, चित्रपटाने देण्यात फार वर्षं घालवली. हेमंत ढोमे यांच्या २०२१ च्या 'झिम्मा'ने ती कोंडी थोडी फोडली. ३० जून २०२३ ला केदार शिंदे यांचा 'बाईपण भारी देवा' प्रदर्शित झाला. रोहिणी हट्टंगडी, वंदना गुप्ते, सुकन्या मोने, शिल्पा नवलकर, सुचित्रा बांदेकर, दीपा परब अशा सहा बहिणी, आणि त्यांतल्या बहुतेकींनी त्याआधी वर्षानुवर्षं दुसऱ्यांच्या गोष्टीत आई-वहिनी केलेल्या. बायका घोळक्याने, साड्या नेसून तो पाहायला गेल्या आणि मराठीतल्या सर्वाधिक कमाई करणाऱ्या चित्रपटांत त्याची गणना झाली. पोस्टरवर त्या सहाजणीच होत्या. नायक नव्हता.